ती गारपीट नव्हती, मुरमुरे होते

दर वर्षी उन्हाळा संपत आला आणि वारे सुटू लागले की तो व्हिडिओ पुन्हा मोबाईलमधून फिरू लागतो. काळे शेत, त्यावर दूरवर पसरलेला पांढरा थर, बाभळीच्या काट्यांना अडकलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या, आणि मागून एक माणूस धापा टाकत सांगतो आहे, ‘पाहा, दर्यापूर रोडवर किती गार पडली ते.’ यंदा माझ्या नातसुनेने तो मला दाखवला. त्या दिवशी त्या रस्त्यावर गारेचा एक खडाही पडला नव्हता, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “आबाजी, खाली लिहिलं आहे ना, गारपीट म्हणून.”

खाली लिहिले आहे ते खोटे आहे. ते मुरमुरे आहेत. ज्या गाडीतून ते उडाले त्या गाडीत मी बसलो होतो आणि ज्या माणसाने ते उडू दिले त्याला मी बावीस वर्षे ओळखत होतो. त्या दिवसाबद्दल अकोला आणि अमरावतीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसांतून आजही तीन-चार गोष्टी सांगितल्या जातात. त्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी गाडीत नव्हता. मी बेचाळीस वर्षे ट्रक चालवला आहे आणि त्याहून जास्त वर्षे आमच्या वाचनालयाचा सभासद आहे, तेव्हा ड्रायव्हरला काय लिहिता येणार असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे वाचून ठरवावे.

तो ड्रायव्हर अचलपूरचा. आमच्या ऑफिसात ड्रायव्हरला त्याच्या गावावरून हाक मारण्याची रीत होती, म्हणून तो सगळ्यांचा ‘अचलपूरवाला’. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विणकाम चालत आले होते. हातमाग बंद पडले तेव्हा हा स्टेअरिंगवर आला. उंचीने बेताचा, बोलण्यात धीमा, आणि गाडीच्या बाबतीत इतका सावध की आम्ही जुने लोक त्याची उघड थट्टा करत असू.

थट्टेचे कारण त्याची टॉमी होती. टॉमी म्हणजे चाक खोलताना लागणारी लोखंडी पहार. प्रत्येक ड्रायव्हर ती सीटमागे ठेवतो. हा ती घेऊन भर उन्हात रस्त्याच्या कडेला उतरायचा आणि डांबराला लागून असलेल्या जमिनीत खुपसून पाहायचा. चार पावले पुढे जाऊन पुन्हा खुपसायचा. एकदा मी गाडी थांबवून त्याला विचारले होते, “का रे, विहिरीले पाणी लागते का पाहून राहिला?”

“पाणी नाही पाहून राहिलो काकाजी. पाय ठेवाले जागा पाहून राहिलो.”

हे बोलणे तेव्हा मला पोरकट वाटले. आज त्याचा अर्थ सांगताना मला शरम वाटते, कारण तो मला आधी कळायला हवा होता. वऱ्हाडातली काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते. तिच्यावर ट्रक उभा करा, चाकाचा ठसासुद्धा उमटत नाही. पण जोराचा पाऊस दहा मिनिटे पडला की तीच माती भिजलेल्या कणकेसारखी होते. कडेला घेतलेल्या गाडीचे एका बाजूचे चाक बसत जाते, गाडी कलते, आणि वरून वारा असेल तर पुढचे काम तो करतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खाऱ्या पाण्याचा जो खारपाण पट्टा आहे, तिथे तर वाऱ्याला अडवायला टेकडी नाही, दाट झाडी नाही, आणि मातीला तळ नाही. डांबरावर उभे राहावे तर मागचा येऊन ठोकतो. कडेला घ्यावे तर जमीन गिळते. म्हणून वादळात, आमच्याकडच्या शब्दात वावधनात, कुठे थांबायचे हे वावधन येण्याआधी ठरवावे लागते. ज्या ज्या ठिकाणी कडेला मुरूम आहे, जिथे माती नाही, ती प्रत्येक जागा त्या माणसाने टॉमीने खुपसून पाठ केली होती. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंतच्या सगळ्या जागा त्याला तोंडपाठ होत्या. आम्हाला त्या रस्त्यावरची फक्त चहाची हॉटेले पाठ होती.

त्याचे आणखी एक वागणे लोकांनी उलटे समजून घेतले. गाडीच्या आरशाला आपण दृष्ट लागू नये म्हणून काळा गोंडा बांधतो. अचलपूरवाल्याच्या गाडीला दोन्ही आरशांवर दोन गोंडे होते आणि तो चालवताना सारखा त्यांच्याकडे पाहायचा. लोक म्हणत, भित्रा आहे, नजरेला फार भितो. तो वारा पाहत होता. कोणत्या बाजूने सुटला, किती सुटला, कधी पडला, हे तो त्या गोंड्यांवरून वाचायचा. मी त्याच्या शेजारी बसलो तेव्हाच हे मला समजले.

शेजारी बसण्याची वेळ आली ती डोळ्यांमुळे. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि माझे लायसन पुढे चालू झाले नाही. तरी सकाळी ऑफिसात जाऊन बसण्याची सवय गेली नाही. मालक माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. त्याच्या वडिलांच्या हाताखाली मी स्टेअरिंग धरले होते, म्हणून तो माझा शब्द मोडत नसे. एखाद्या गाडीत जागा असली आणि ती माझ्या सोयीच्या गावाला निघाली असली तर मी चढून बसत असे. त्या दिवशी मला परतवाड्याला मोठ्या बहिणीकडे जायचे होते, आणि अचलपूरवाला मुरमुऱ्याची गाडी घेऊन तिकडेच निघाला होता.

मुरमुऱ्याची गाडी म्हणजे काय ते इथे सांगायला हवे, कारण सगळा वाद तिथेच आहे. मुरमुऱ्याच्या पोत्याला वजन नसते. म्हणून गाडी भरताना पोती फाळक्यांच्या, म्हणजे बाजूच्या फळ्यांच्या वर, त्याच्याही वर, अशी घराएवढी रचत नेतात, आणि वरून ताडपत्री टाकून दोर आवळतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते केवढा माल चालला आहे. प्रत्यक्षात गाडी जवळजवळ रिकामी असते आणि तिच्या पाठीवर एक भिंत उभी असते. आमच्याकडे मुरमुऱ्याच्या गाडीला ‘पेन्शन’ म्हणत. इंजिनाला ओझे नाही, टायरला त्रास नाही, म्हाताऱ्या किंवा थकलेल्या ड्रायव्हरला द्यायचे काम. मीही तसेच म्हणत आलो. चुकीचे म्हणत आलो.

जेवण करून आम्ही अकोल्यातून निघालो. उकाडा असा होता की दाराचा पत्रा हाताला चटका देत होता. साडेतीनच्या सुमारास एकाएकी वारा पडला. पश्चिमेला आभाळाचा खालचा भाग विटेच्या भुकटीसारखा झाला. गोंडे आरशाला चिकटून सरळ लोंबत होते. अचलपूरवाल्याने गाणे बंद केले.

“काकाजी, काच वर घ्या.”

“काहून? जीव गुदमरून राहिला.”

“आता थंड होईल. घ्या वर.”

पुढे फाटा होता आणि फाट्यावर चिंचेचे जुने, भल्या घेराचे झाड होते. त्याच्याखाली दोन टेम्पो आणि एका दूधवाल्याची मोटरसायकल आधीच येऊन थांबली होती. मी त्या चिंचेखाली किती वेळा थांबलो असेन याची गणती नाही. मी त्याला म्हणालो, “घे, चिंचेखाली घे.”

त्याने गाडी सावकाश केली नाही.

“अबे, ऐकू येत नाही का? मी सांगून राहिलो ना तुले.”

“ऐकू येते काकाजी. चिंच नाही.”

“काहून नाही?”

“खाली काळी माती हाय. वरून फांदी हाय.”

“बेचाळीस वर्ष याच चिंचेखाली थांबलो मी. अजून मेलो नाही.”

“तवा तुमच्या गाडीत सरकी राहे. माझ्या गाडीत हवा भरून हाय.”

चिंच मागे पडली. मी संतापलो होतो. माझ्या हातात स्टेअरिंग असते तर त्याला दाखवले असते, असे काहीसे मी पुटपुटलोही. त्याचे डोळे डाव्या कडेवर होते. पुढे एक टिनाचा गोठा आला. त्याच्या आडोशाला जागा कोरडी दिसत होती. मी बोट दाखवले. तो म्हणाला, “ते टिन उडते. आपल्या काचेवर येते,” आणि पुढे गेला. नंतर रस्त्यावरून विजेची तार गेलेली होती, तीही त्याने ओलांडली. मग एका शेताच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, ट्रॅक्टर वळवायला मुरूम टाकलेला होता तिथे, त्याने गाडी डावीकडे आत घेतली आणि तिचे तोंड नेमके त्या विटकरी आभाळाकडे केले. आसपास झाड नाही, खांब नाही, भिंत नाही. इंजिन बंद केले, गाडी गिअरमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला, आणि खाली उतरून मागच्या डाव्या चाकाला पुढून-मागून दोन लाकडी गुटके लावले.

मग तो दोरांकडे गेला. मी काचेतून ओरडलो, “आवळ, चांगले आवळ.” वावधन दिसले की दोर आवळायचे, ताडपत्री ताणून घट्ट करायची, हे आम्हा सर्वांचे पहिले काम. माल झाकला की ड्रायव्हरचे कर्तव्य झाले. त्याने एकही दोर आवळला नाही. सीटखालचा विळा काढून तो डाव्या बाजूला पुढच्या चाकापाशी खाली बसला आणि वाट पाहू लागला. डावी बाजू त्याने मुद्दाम निवडली होती. वारा फिरला तर तो दक्षिणेकडून, म्हणजे डावीकडून येईल आणि गाडी पडली तर उजवीकडे पडेल, हे त्याने आधीच ठरवून ठेवले होते. हे मला त्याने कित्येक महिन्यांनी, मी खोदून विचारल्यावर सांगितले.

पहिला झोत समोरून आला. धुळीने दिवस बुजून गेला. गाडी थरथरली, पण वारा नाकावर होता, तिने तो सोसला. मग पाऊस आला, आडवा. आणि मग वारा फिरला.

यापुढचे मी फार काळजीपूर्वक लिहितो आहे, कारण गाडीच्या आतला माझ्याखेरीज दुसरा साक्षीदार नाही. मी डाव्या सीटवर होतो. ती सीट माझ्याखाली वर गेली. झोपाळा वर जातो तशी, सावकाश, आणि खाली आली नाही. मी घसरत ड्रायव्हरच्या जागेकडे गेलो, डॅशबोर्डला धरले, आणि उजव्या काचेतून मला आभाळ दिसायला हवे होते तिथे मुरूम दिसला. माझ्या मनात काय आले? काहीही आले नाही. मरणाच्या दारात माणसाला घर आठवते वगैरे जे सांगतात ते सांगणाऱ्यांनी आपल्यापुरते ठेवावे. मला फक्त मुरूम दिसत होता.

बाहेर दोर तुटल्याचा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्याला ताडपत्री सुटली. ती फडफडली नाही, एखादे छप्पर निघावे तशी सगळीच्या सगळी उचलली गेली आणि उजवीकडे दिसेनाशी झाली. तिच्यामागे पोती गेली. वरची आधी, मग त्यांच्या खालची. भिंत गेली आणि गाडी आपटून चार चाकांवर आली. माझी दाढ त्या आपटण्यात दुखावली, ती आजही दुखते.

त्याने हे एका हाताने दोर धरून, दुसऱ्या हाताने कापून केले होते, एकेक, वाऱ्याकडच्या बाजूने, उभ्या पावसात. उचललेल्या चाकांच्या शेजारी बसून. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ धाडसी ड्रायव्हर पाहिले. घाटात ओव्हरटेक करणारे, पुरातून गाडी काढणारे. त्यांच्या गोष्टी मी स्वतः रंगवून सांगितल्या आहेत. मालाला वाचवणे हे ज्या धंद्यात पहिले शिकवले जाते, त्या धंद्यात बावीस वर्षे काढून, नेमक्या क्षणी माल सोडून द्यायला जे धैर्य लागते, ते यांच्यापैकी कोणात नव्हते. माझ्यातही नव्हते.

तो केबिनमध्ये आला तेव्हा त्याच्या डाव्या तळहाताची कातडी दोराने सोलली गेली होती. त्याने मला विचारले, “लागलं का काकाजी?”

मी काय उत्तर दिले ते लपवत नाही. मी म्हणालो, “माल गेला.”

पाऊस ओसरला तसा मालकाचा फोन आला. त्याने उजव्या हाताने सोललेला तळहात दाबून धरला होता, म्हणून त्याचा फोन मी घेतला. मालकाने विचारले, काय झाले? मी म्हणालो, “मी याले चिंचेखाली थांब म्हणलो होतो. यानं ऐकलं नाही. माल उडाला सगळा.”

हे अक्षरशः खरे होते. त्यात एकही शब्द बनावट नव्हता. आणि माझ्या तोंडून त्याहून खोटे वाक्य कधी निघालेले नाही.

फोनचा आवाज मोठा होता. मालक म्हणाला, “त्याले म्हणा चाबी ठेव अन् उतर. मी दुसरा ड्रायव्हर घेऊन येऊन राहिलो.” अचलपूरवाल्याने ते ऐकले. मालाची गाडी ज्याने उघडी टाकली, त्याला दुसरे ऑफिसही गाडी देत नाही. अकोल्यातली बातमी अमरावतीला पोचायला फोनही लागत नाही. पन्नाशीच्या माणसाने मग काय करायचे? त्याने चावी काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि शाबूत राहिलेली पोती गोळा करायला शेतात उतरला.

एवढ्यात चिंचेखालचा तो दूधवाला मोटरसायकल घेऊन आला. शेत पांढरे झालेले पाहून त्याने मोबाईल काढला. व्हिडिओ झाल्यावर त्याने एक मुरमुरा उचलून तोंडात टाकला आणि मग त्याला कळले. तरी व्हिडिओ त्याने तसाच पाठवला. मला म्हणाला, “आमाले तं काहीच नाही झालं बुढेबाबा. चिंच जशीच्या तशी उभी हाय. तुमचा ड्रायव्हर घाबरला वाटते.”

ही आहे लोकप्रिय गोष्टीची सुरुवात. चिंच पडली नाही, म्हणून तो घाबरट. चिंच पडली असती तर हेच लोक त्याला पीर म्हणाले असते. अचलपुरातले त्याचे नातेवाईक सांगतात की त्याच्या आईच्या दुआने गाडी वाचली. आईच्या दुआविरुद्ध मला एक अक्षरही बोलायचे नाही. पण विळा त्याच्या हातात होता, एवढे त्या गोष्टीत घालावे.

मी दूधवाल्याला उत्तर द्यायला खाली उतरलो आणि माझी नजर मागच्या डाव्या चाकाकडे गेली. चाक गुटक्यावर उभे होते. गुटका चाकाच्या मागे टेकवून लावलेला होता, मी आरशात पाहिले होते. आता तो चाकाच्या बरोबर खाली, मुरमात दाबला गेलेला होता. गिअरमध्ये उभी असलेली गाडी आपणहून गुटक्यावर चढत नाही. चाक वर गेले, गाडी वितभर मागे सरकली, आणि चाक गुटक्यावर उतरले. याखेरीज दुसरे काही घडलेले असू शकत नाही. इतका वेळ मी स्वतःला समजावत होतो की मला चक्कर आली असेल, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, भास झाला असेल. तो गुटका पाहिल्यावर ते समजावणे संपले. किती वेळ मी तिथे उभा होतो मला माहीत नाही. दूधवाला जरा अंतर राखून मला पाहत होता.

मालक साडेपाचला आला. पाऊस थांबला होता, ऊन पडले होते. त्याच्याबरोबर आलेला दुसरा ड्रायव्हर डॅशबोर्डवरची चावी घेऊन चढू लागला. मी त्या चाकाला पाठ लावून खाली बसलो.

लोक सांगतात की म्हाताऱ्याला भोवळ आली होती. भोवळ आली नव्हती. गाडी हलली असती तर गुटका निघाला असता.

“काकाजी, उठा,” मालक म्हणाला. “चिखलात कुठं बसून राहिले?”

“पहिले हे चाक पाहा.”

“चाक काय पाहू? मी मुरमुरे पाहून राहिलो ना. अर्ध्या कोसावर मुरमुरेच मुरमुरे.”

“मुरमुरे कुठं पळून नाही जात. चाक पाहा.”

तो वाकला. पाहिले. “गुटक्यावर चढवली यानं?”

“यानं नाही चढवली. हे चाक वर होतं. मी वर होतो. मी त्या सीटवर बसलो होतो, तुम्ही नाही.”

“पण फोनवर तं तुम्ही म्हणले की...”

“म्हणलो. मी त्याले चिंचेखाली थांब म्हणलो, हे खरं हाय. अन् मी चुकलो होतो, हेही खरं हाय. गाडीत काय भरलं हाय हेच मी इसरलो होतो. त्याले याद होतं. दोर कापले नसते तं आता तुम्ही मुरमुरे नसते पाहत, मले पाहत राहिले असते.”

दूधवाल्याला राहवले नाही. “पण चिंच तं उभीच हाय ना बुढेबाबा.”

“उभी राहीन रे. तिच्या मुळ्या जमिनीत हायेत. गाडीले मुळ्या राहतात का?”

आता ऑफिसात जे सांगितले जाते ते असे, की म्हाताऱ्याला दया आली आणि ड्रायव्हरची भाकरी वाचवायला तो खोटे बोलला. जे हे गोड मानून सांगतात त्यांना मी सांगू इच्छितो की हा माझा सन्मान नाही, अपमान आहे. मी कोणावरही दया केली नाही. ज्याने माझा जीव वाचवला त्याच्यावर मी दया करणारा कोण? मी फक्त तासाभरापूर्वी अर्धे सांगितले होते ते पुरे केले. दुसरे काही जण म्हणतात की मालकाला गुटक्याने पटले नाही, काकाजी ‘मी चुकलो’ म्हणाले ते त्याने पहिल्यांदाच ऐकले, म्हणून पटले. हेही मला मान्य नाही. मालक ड्रायव्हरच्या घरात जन्मला नसला तरी गाड्यांच्या घरात जन्मला आहे. त्याने बराच वेळ त्या टायरवर हात ठेवला होता, मग वाकून गुटक्याभोवतीचा मुरूम बोटाने उकरून पाहिला. त्याला चाकाने सांगितले.

त्याने दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातातून चावी घेतली. अचलपूरवाला शेतातून येत होता, दोन्ही खांद्यांवर एकेक पोते, पायाला धरलेल्या चिखलाने चालणे जड झालेले. मालकाने चावी पुढे केली.

“घे. हात बांध पहिले, मंग गाडी काढ. बाकीचं मी व्यापाऱ्यासंग पाहून घेतो.”

मला वाटले तो घेईल. कोणीही घेतली असती, आणि वर आभार मानले असते. त्याने पोती खाली ठेवली, चिखलाचे हात पँटला पुसले, आणि चावीला हात लावला नाही.

“शेठ, आज काकाजी होते म्हणून तुम्ही मानलं,” तो म्हणाला. “उद्या मी एकटा असलो तं? दुसरा कोणी असला तं? वावधनात गाडी कुठं लावायची, दोर ठेवायचे का तोडायचे, हे मी कोणाले पुसून करू? फोन लागत नाही तवा.”

“अरे, आता मी काही म्हणून राहिलो का?”

“आता नाही म्हणून राहिले. थोडं सबर करून मले सांगून द्या. सगळ्यांसमोर. वावधनात ड्रायव्हर करेल ते करेल, अन् नंतर त्याची चाबी नाही घेतली जाणार. हे होत असन तं मी बसतो. नाही तं हा भाऊ बसला तरी चालते.” त्याने दुसऱ्या ड्रायव्हरकडे मानेने इशारा केला. तो दुसरा ड्रायव्हर जमिनीकडे पाहत होता, पण तो ऐकत होता. माझ्या मते त्या सायंकाळी सर्वांत लक्षपूर्वक तोच ऐकत होता.

ज्याची नोकरी तासाभरापूर्वी गेलेली होती आणि नुकती परत मिळत होती, तो माणूस ती पुन्हा पणाला लावत होता, आणि ती स्वतःसाठी नव्हे. त्याला स्वतःला जागा माहीत होत्या, तो कसाही निभावून गेला असता. ज्यांना टॉमी खुपसायची सवय नाही, ज्यांच्या शेजारी माझ्यासारखा एखादा चिंच दाखवणारा बसलेला असेल, त्यांच्यासाठी तो बोलत होता. मालक पांढऱ्या शेताकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, “हाव. वावधनात ज्याच्या हाती स्टेअरिंग, त्याचंच चालेल. माल गेला तरी.”

“काकाजी, तुम्ही ऐकलं?” अचलपूरवाल्याने मला विचारले.

“ऐकलं,” मी म्हणालो, आणि चाकापासून उठलो. उठायला मला त्याचाच हात धरावा लागला. न सोललेला.

तेव्हापासून त्या ऑफिसात हा नियम आहे. नवे ड्रायव्हर समजतात की तो कुठल्याशा शिबिरातून आला, किंवा विम्यावाल्यांनी घालून दिला. तो कुठून आला ते मी वर लिहिले आहे, आणि ज्यांना शंका असेल त्यांनी माझ्याकडे यावे, मी सकाळी ऑफिसात असतो.

गेल्या उन्हाळ्यात मी बसने परतवाड्याला जात होतो. आसेगावच्या अलीकडे वावधनाने गाठले आणि बस एका गावात थांबवली. वारा पडल्यावर पुढे निघालो तर उघड्या माळावर, मुरमाच्या एका पट्टीवर, आमच्या ऑफिसचे दोन ट्रक उभे होते. दोघांचीही तोंडे वाऱ्याकडे. एकाची ताडपत्री उतरवून खाली दगडांनी दाबून ठेवलेली होती. ड्रायव्हर आत बसून चिवडा खात होते. माझ्या शेजारी बसलेले, पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ त्यांच्याकडे पाहून म्हणाले, “एवढ्याशा वाऱ्याला किती घाबरतात हे लोक. पुढे तं केवढी चिंचेची झाडं आहेत.”

त्यांना अचलपूरला उतरायचे होते. ते उतरेपर्यंत मी त्यांना सोडले नाही.